बिघाड कोणता, बाज कोणता

1954 साली ‘नागिन’ प्रदर्शित झाला आणि एक पुंगी देशाच्या कानात कायमची जाऊन बसली. त्या पुंगीला भोपळा नव्हता, वेळूच्या नळ्या नव्हत्या, गारुड्याच्या फुगलेल्या गालांतला दम नव्हता. चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमार. ती नागमोडी धून उमटली ती कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजवलेल्या क्लेव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यातून आणि हेमंतकुमारांचे साहाय्यक रवी यांच्या हार्मोनियममधून. पुढे ती बँडवाल्यांनी उचलली, बेंजो पार्टीने उचलली. आज ठाणे-रायगडातल्या वरातीत ती सुरू झाली की एकजण रुमालाचे टोक दातांत धरून गारुडी होतो आणि दुसरा हातांचा फणा काढून भर रस्त्यात लोळण घेतो. धून एवढी पसरली, पण ज्या वाद्याने तिला आवाज दिला ते आज दिसत नाही, आणि कुठे सापडलेच तर बहुधा मुके असते. ते बोलते करायचे म्हणजे नेमके काय करायचे? माझे म्हणणे असे की व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या वाद्याच्या दुरुस्तीत भाग बदलणे हे त्यामानाने सोपे काम आहे. खरी कसोटी लागते ती त्यातला बिघाड कोणता आणि त्याचा बाज कोणता, हे ओळखताना. आणि ही ओळख कशी कमवावी लागते हे पाहायचे असेल तर संग्रहालयाआधी भिवंडीच्या यंत्रमागांकडे पाहावे.

आधी वाद्य समजून घेऊ. क्लेव्हिओलिन 1947 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायच्या कॉन्स्तां मार्तां यांनी तयार केले. पुढे सेल्मर, गिब्सन अशा कंपन्यांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. त्याचे दोन भाग असतात. एक छोटा, तीन सप्तकांचा कळफलक, जो पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवता येतो. दुसरी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर असलेली पेटी. उजव्या हाताने धून वाजवायची, डाव्याने पियानो, आणि आवाज लहान-मोठा करायचा तो गुडघ्याने ढकलायच्या दांडीने. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी स्वर एकच निघतो. आत व्हॉल्व्हचा एक दोलक असतो. कोणत्या पट्टीला कोणता स्वर लागेल, हे त्या दोलकाला जोडलेल्या घटकांच्या मूल्यांवर ठरते. दोलकातून निघणारी लहर गोलाईची नसते. ती जवळजवळ चौकोनी, कडेला धार असलेली असते, म्हणून आवाज भुंग्यासारखा येतो. मग कळफलकासमोरच्या खटक्यांनी त्यातला खालचा किंवा वरचा भाग गाळायचा, कंप कमी-जास्त करायचा, आणि त्यातून व्हायोलिन, ओबो, ट्रम्पेट यांची आठवण करून देणारे आवाज काढायचे. खटक्यांनी कितीही नावे घेतली तरी ते वाद्य यांपैकी कशासारखेच हुबेहूब वाजत नाही. पुंगीच्या मात्र ते फार जवळ गेले, आणि याला कारण आहे. गारुडी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे पुंगीचा सूर मध्ये तुटत नाही. क्लेव्हिओलिनला श्वासच घ्यावा लागत नाही. अखंडपणा आणि नाकातला खरखरीतपणा, पुंगीचे हे दोन्ही गुण त्या यंत्रात आयते होते. कल्याणजींच्या कानाने ते हेरले.

आता असे वाद्य दुरुस्तीच्या टेबलावर आहे असे धरू. सत्तर वर्षांत त्याचे काय काय होते, हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या पिढीला तोंडपाठ असे. वीजपुरवठ्यातले मोठे कंडेन्सर आतून सुकतात आणि स्पीकरमधून घों-घों सुरू होते. मेण लावलेल्या कागदाचे छोटे कंडेन्सर ओल धरतात आणि जिथे वीज अडायला हवी तिथून ती झिरपू लागते. कार्बनच्या रेझिस्टन्सचे मूल्य हळूहळू चढते. त्याने एखादा स्वर किंचित, एखादा चांगलाच ढळतो, आणि सगळा कळफलक एकदम वर-खाली करणारी सूर लावण्याची खुंटी फिरवून हा विस्कळीतपणा जात नाही. पट्ट्यांखालचे संपर्कबिंदू काळवंडतात. कोकणपट्टीतला पावसाळा या सगळ्याला हातभार लावतो. व्हॉल्व्हचे स्वतःचे आयुष्यही मोजके असते. आतली तार तापली की कॅथोडवरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. तो लेप थकला की आवाज मलूल होतो. व्हॉल्व्ह मिळवणे मात्र समजतात तितके अवघड नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले आणि त्यांतले काही आजही जुन्या मालात हाती लागतात. गिटारवाल्यांना व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर अजून हवे असतात, म्हणून रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये नवे उत्पादनही चालू आहे. ही सगळी कामे चिकाटीची आहेत, धोक्याचीही आहेत. आतला विजेचा दाब दोन-अडीचशे व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी तो उतरवतो, आणि पहिल्यांदा वीज देताना वाद्याच्या अलीकडे सिरीजमध्ये बल्ब लावतो. बल्ब भगभगून पेटलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे; पेटून मंदावला तर पुढे जायला हरकत नाही. इथवर वादाला जागा नाही.

वाद सुरू होतो तो आवाज आल्यानंतर. आवाज येतो, पण फाटका येतो. चांगल्या रेडिओची सवय असलेला कारागीर म्हणेल, ॲम्प्लिफायर आवाज फाडतोय, तो साफ करू. आणि तो साफ करू शकतो. पण क्लेव्हिओलिनच्या रचनेत ॲम्प्लिफायरने आवाज काहीसा फाडावा हे मुद्दामच योजलेले होते. दोलकातून आलेली धारदार लहर ॲम्प्लिफायरमध्ये आणखी चेपली जाते आणि त्यातूनच तो ओळखीचा, नाकात बोलणारा सूर बनतो. दुरुस्ती करणाऱ्याने तिथे स्वच्छ, सरळ, आजच्या हिशेबाने उत्तम असा ॲम्प्लिफायर बसवला तर वाद्य निर्दोष होईल आणि त्याचा आवाज जाईल. गुंता इथेच वाढतो, कारण दुसराही एक फाटकेपणा असतो आणि तो कानाला जवळजवळ तसाच लागतो. दोन टप्प्यांना जोडणारा कंडेन्सर झिरपू लागला की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको असलेला धन दाब चढतो, व्हॉल्व्ह भलताच तापतो आणि आवाज फाटतो. एक फाटकेपणा वाद्याचा स्वभाव आहे, दुसरा त्याचा आजार, आणि आजाराकडे दुर्लक्ष केले तर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात. नुसत्या कानाने ठरवू पाहणारा फसेल. नुसत्या मीटरने ठरवणाराही फसेल, कारण त्याचा मीटर दोन्ही फाटकेपणांना दोषच म्हणेल. ग्रिडवरचा दाब मोजायचा, तो नसावा तिथे असेल तर कंडेन्सर बदलायचा, मग पुन्हा ऐकायचे, आणि उरलेला खरखरीतपणा रचनेतूनच आलेला आहे अशी खात्री पटली की हात मागे घ्यायचा. हात मागे घेणे हा दुरुस्तीतला निर्णय आहे, आणि तो घ्यायला भाग बदलण्यापेक्षा जास्त ज्ञान लागते.

यावर पहिला प्रश्न येईल तो मूळ आवाजाचा. मूळ आवाज म्हणजे कोणता, हे तुम्ही कशावरून ठरवणार? ‘नागिन’ची तबकडी लावून? तबकडीवर ऐकू येते ते नुसते क्लेव्हिओलिन नाही. त्यात हार्मोनियम मिसळलेली आहे, मायक्रोफोनने ते आपल्या परीने ऐकले आहे, ध्वनिमुद्रणाने त्याच्या कडा कापल्या आहेत, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात ती धून आहे ती लग्नमांडवाच्या कर्ण्यातून आलेली. तबकडीला प्रमाण मानून वाद्य दुरुस्त करणारा एका वाद्याकडून दोन वाद्यांचे आणि एका स्टुडिओचे काम मागतो आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळेच माझ्या मते प्रमाण स्मरणात शोधू नये, मांडणीत शोधावे. परिपथात काय जोडले आहे, कोणत्या मूल्याचे, कशासाठी, हे वाचता येते, आणि कशातून खरखर येणे अपेक्षित आहे हेही त्यातून कळते. स्मरणाने एवढेच सांगावे की हे वाद्य आपल्याला का हवे आहे. ते कसे असावे हे त्याला विचारू नये. ‘नागिन’मधली पुंगी ही एक संगत होती, एका ठिकाणी एका कामासाठी जमवलेली. दुरुस्त झालेल्या वाद्याने तिच्याशी जुळावे अशी सक्ती केली तर दुरुस्तीचा पाठलाग कधीच संपणार नाही.

दुसरा आक्षेप संग्रहालयाच्या बाजूचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, जुन्या वस्तूला हात लावू नये. मेणाचा कंडेन्सर, त्यावरची छपाई, कारखान्यात घातलेले डाग, हा सगळा पुरावा आहे. तुम्ही तो उपटून टाकता आणि त्या जागी कालची वस्तू बसवता. मग तीन दुरुस्त्यांनंतर उरते काय? याला उत्तर वाद्याच्या इतिहासातच आहे. अमेरिकेत मॅक्स क्रूक या वादकाने क्लेव्हिओलिन उघडून त्यात आपल्या मनाने फेरफार केले आणि त्याला म्युझिट्रॉन हे नाव दिले. 1961 मध्ये डेल शॅनन यांच्या गाजलेल्या ‘रनअवे’ या गाण्यात जो मधला तुकडा आहे तो या बदललेल्या वाद्याचा. इंग्लंडमध्ये जो मीक यांनी 1962 मध्ये टॉर्नेडोज या वाद्यवृंदाची ‘टेलस्टार’ ही धून मुद्रित केली. तीत क्लेव्हिओलिनच्या आवाजावर ध्वनिमुद्रणाच्या टप्प्यावर भरपूर संस्कार आहेत. 1967 मध्ये बीटल्सच्या ‘बेबी, यू आर अ रिच मॅन’मध्ये ते पुन्हा वेगळ्याच कामाला आले. म्हणजे हे वाद्य ऐन उमेदीत होते तेव्हाही सगळेच ते जसेच्या तसे वापरत नव्हते. ज्याने त्याने त्याला आपल्या गरजेकडे वळवले, आणि त्या वळणांमुळेच ते जगाच्या लक्षात राहिले. कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवसाशी त्याला खिळवून ठेवणे म्हणजे त्याचे पुढचे सगळे आयुष्य खोडणे. तरीही संग्रहालयाच्या शिस्तीतल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. काढलेला प्रत्येक भाग फेकू नये, नाव-जागा लिहून पेटीतच ठेवावा. आणि केलेला बदल परत फिरवता येईल असाच करावा. लाकूड कापू नये, पत्र्याला नवी भोके पाडू नयेत. फारच दुर्मीळ, एखाद्या मोठ्या वादकाच्या हातची म्हणून खात्री असलेली वस्तू असेल तर ती मुकी राहिली तरी चालेल. बाकीची वाद्ये वाजण्यासाठी झाली होती.

इथे भिवंडीकडे वळतो. हे गाव यंत्रमागांचे. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथे आले, चालू झाले, पुन्हा बिघडले, पुन्हा चालू झाले. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईतले विणकाम मोठ्या प्रमाणावर इकडे सरकले आणि धोट्याच्या जुन्या धाटणीचे माग इथे पुढची कित्येक दशके रात्रंदिवस खडखडत राहिले. त्यांना चालते ठेवले ते मागांची निगा राखणारे जॉबर, फिटर आणि मोटर रिवाइंडिंगच्या छोट्या दुकानांनी. मागाचा कोणता भाग मूळचा, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. कापड नीट उतरते का, एवढाच विचारला जातो. पण म्हणून तिथली दुरुस्ती आंधळी नसते. धोट्याचा माग मुळातच गोंगाट करणारे यंत्र आहे. पिकर धोट्याला फटका मारतो, धोटा पलीकडे जाऊन आपटतो, फणी येऊन ठोकते, आणि हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. शेडमध्ये असे माग ओळीने चालू असतात. त्या गदारोळात जॉबरला ठरवायचे असते की या मागाचा कोणता आवाज त्याचा नेहमीचा आहे आणि कोणता आवाज पिकर झिजल्याचा, धोटा तिरपा जात असल्याचा. नेहमीचा खडखडाट बंद करू पाहणारा जॉबर माग बंद पाडेल, आणि नवा खडखडाट न ओळखणारा धोटा उडालेला पाहील. क्लेव्हिओलिनच्या टेबलावर जो निर्णय करायचा तो याच जातीचा आहे. कौशल्यही अगदी परके नाही. जळालेल्या मोटरवर तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घालणारा हात ट्रान्सफॉर्मरही भरू शकतो. त्याला वेढ्यांचा हिशेब आणि दोन थरांतल्या कागदाची शिस्त तेवढी वेगळी शिकावी लागेल. व्हॉल्व्हच्या वाद्याला लागणारी उरलेली माणसे, म्हणजे डागकाम करणारा, लाकडाची पेटी सांधणारा, स्पीकरला नवा पडदा लावणारा, अशा दुरुस्तीच्या गावाच्या आसपासच सापडतात. मुंबईतले लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार भागांसाठी फार दूर नाहीत.

हे वाचून कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की जिथे मागच किलोच्या भावाने भंगारात चालले आहेत तिथे एका परदेशी, बंद पडलेल्या वाद्याचे कौतुक कशाला? विणकराचा धंदा बसतो आहे, जॉबर दुसरे काम शोधतो आहे, आणि तुम्ही त्याला पुंगी ऐकवता. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. जुनी वाद्ये दुरुस्त करून भिवंडीचे पोट भरेल असे मी म्हणत नाही; अशी वाद्ये देशात आहेतच किती? आणि जॉबरच्या कष्टाला कलेची झालर लावून ते सुंदर दाखवणेही बरोबर नाही. त्या शेडमधली रुईची धूळ फुप्फुसात जाते आणि तो गोंगाट कान बधिर करतो. माझा मुद्दा वेगळा आहे. माग भंगारात जातो तेव्हा लोखंडाचा भाव तरी येतो. त्याच्याबरोबर जी पारख जाते तिचा काहीच भाव येत नाही, कारण ती कुठे लिहून ठेवलेली नसते. व्हॉल्व्हच्या रेडिओचे मिस्त्री असेच गेले. आज क्लेव्हिओलिन दुरुस्त करताना अडचण येते ती व्हॉल्व्ह मिळत नाही म्हणून कमी आणि ‘हा आवाज असाच असतो’ हे खात्रीने सांगणारा माणूस मिळत नाही म्हणून जास्त. भागांचा कारखाना पुन्हा उघडता येतो, रशियात आणि स्लोव्हाकियात तो चालूच आहे. खात्रीचा कारखाना नसतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा आणि बहुतेकांच्या मनातला. एवढा खटाटोप कशाला? कुठल्याही बऱ्या कीबोर्डमध्ये, ज्याला आपल्याकडे सरसकट कॅसिओ म्हणतात त्यात, असा आवाज मिळतो. भिवंडीच्या वेशीवरच्या गोदामांतून, काल्हेर-राहनाळ-पूर्ण्याच्या पट्ट्यातून, नवा माल मागवल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी पोचू शकतो. हे खरे आहे, आणि वरातीपुरते ते पुरेसेही आहे. नाचणाऱ्याला व्हॉल्व्हचे देणेघेणे नसते, नसावेही. बेंजोवाल्याने ती धून टाइपरायटरसारख्या बटणांच्या तंतुवाद्यावर वाजवली तेव्हा त्याने मूळ वाद्याची परवानगी मागितली नव्हती, आणि धून जगली ती अशाच हातांमुळे. पण नकलेतला आवाज हा कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेला आवाज असतो. कोणती खरखर ठेवायची, कोणती काढायची, हा निर्णय नमुना घेणाऱ्याने एका वाद्यावरून, एका दिवशी, आपल्या कानाने केलेला असतो, आणि तो नमुना झिरपणाऱ्या कंडेन्सरच्या वाद्यावरून घेतला असेल तर आजारालाच स्वभाव मानून तो हजारो यंत्रांत जाऊन बसतो. तपासायचे कशावर? एखादे तरी चालते, नीट पारखलेले वाद्य असल्याशिवाय नकलेची शहानिशा होत नाही. शिवाय नमुना सांगतो की आवाज असा होता. तो असा का होता हे सांगत नाही. तीन सप्तकांच्या, एका वेळी एकच स्वर देणाऱ्या, गुडघ्याने आवाज वाढणाऱ्या वाद्यावर बसल्यावर वादकाला काय सुचते आणि काय सुचूच शकत नाही, हे त्या अडचणींतूनच कळते. ‘नागिन’मधल्या धुनेची घडण समजायची असेल तर त्या अडचणी हाताखाली याव्या लागतात.

मग मर्यादा कुठे आखायची? माझ्या मते तीन पायऱ्या पुरतात. जिथे जीव किंवा वाद्य धोक्यात आहे तिथे भावना मध्ये आणू नये. कुजलेली केबल, सुकलेले आणि झिरपणारे कंडेन्सर बिनदिक्कत बदलावेत, पत्र्याला अर्थिंग नसेल तर ते द्यावे. जिथे वयामुळे मूल्य ढळले आहे, उदाहरणार्थ स्वर ठरवणाऱ्या घटकांत, तिथे मोजून मूळ मूल्यावर आणावे, त्याहून चांगले करू नये. आणि जिथे रचनाकारानेच वाकडेपणा ठेवला आहे तिथे काहीही करू नये, मग तो आजच्या कानाला कितीही खटको. या तिसऱ्या पायरीवर कारागीर एकटा पडतो. गिऱ्हाइकाला वाटते काम अर्धवट राहिले, शेजारच्या इंजिनियरला वाटते याला जमले नाही. त्याचा बचाव एकच असू शकतो, आणि तो कागदावर असायला हवा. आपल्याकडे दुरुस्तीच्या बिलावर काय बदलले याची यादी असते. अशा वाद्याबरोबर दुसरी यादीही द्यावी: काय बदलले नाही, आणि का. पुढचा मिस्त्री पंचवीस वर्षांनी ती पेटी उघडेल तेव्हा त्याला नव्या भागांपेक्षा या दुसऱ्या यादीचा जास्त उपयोग होईल. ती नसेल तर तो पहिल्याच दिवशी वाद्य साफ करून टाकेल. मागांच्या बाबतीत अशी यादी कोणी केली नाही. ती अजूनही करता येईल, कारण ती सांगू शकणारे जॉबर आज भिवंडीत आहेत.